माणूस असेल तिथेच गार

सोमवार
आलो एकदाचे! भाड्याचं का असेना, हॉल धरून चार खोल्या आहेत आणि प्रत्येकीचा एसी वेगळा चालतो. गच्चीवर यंत्र एकच, हवा छतातून येते, आणि हॉलमधल्या पडद्यावर सगळ्या खोल्या दिसतात. नवऱ्याने लगेच सगळं घर अठरावर लावलं, जन्मात एसी पाहिला नसल्यासारखं. चांगलं झापलं. सव्वीस केलं, पंखे लावले, खिडक्यांचे पडदे ओढले आणि 'माणूस असेल तिथेच गार' हे बटण दाबलं. आता खोलीत जितकी माणसं, तितके हिरवे ठिपके. माणूस उठलं की ठिपका जातो, हवाही बंद. चिंगी दुपारभर खोल्याखोल्यांतून ठिपके पेटवत पळत होती. सासूबाई म्हणाल्या, मुलीला बसव, यंत्र दमेल.

मंगळवार
मागच्या खोलीत एक ठिपका. तिला घरमालकाचं कुलूप, आत त्याचं जुनं सामान. म्हणजे आम्ही ट्रंकांना गार करतोय! त्याला फोन केला तर म्हणाला, ते बटण दाबू नका, सगळ्या खोल्या चालू राहू द्या, आधीचे लोकही तसंच करायचे. वा रे वा, वीज काय याच्या आजोबांची? मी बटण बंद करणार नाही.

बुधवार
सासूबाईंच्या खोलीची भट्टी झालीय. त्या आत बसल्यात, पण ठिपकाच नाही. मागे दोन. मिस्त्री आला, स्वतः तिथे उभा राहिला, ठिपका लागला. म्हणे यंत्र ठणठणीत आहे. मग या कोण, भिंत? मी त्याच्यावर तोंड सोडलं, तरी सासूबाई गप्प. एरवी चमचा आपटला तरी ऐकवतात.
आणि एवढ्या उकाड्यात त्यांना घामाचा थेंब नाही.

गुरुवार
नवऱ्याचा ठिपका गेला. मागे तीन. वाट्टेल ते बोलले त्याला. नुसता हसत बसला. त्यालाही घाम नाही.
बटण दाबतेय, बंद होत नाही.
चिंगीला उचललं, माहेरी निघाले. दारात दोघं उभी. हलत नाहीत. ढकललं तरी —

शुक्रवार
हॉलमध्ये बसलेय. चिंगी मांडीवर, हातोडी शेजारी. दोन ठिपके. ते दोघं समोर. मेल्यांनो, हात तर लावून बघा माझ्या पोरीला —

डोळा लागला बहुतेक. ठिपका एकच. चिंगी मांडीवरच आहे. आहे की —
मागे चार.

कुलपामागून हाक. "आई, दार उघड, इथे खूप गार आहे." चिंगीच. माझीच.

फोडते ते कुलूप. घरमालकाचंही डोकं —

मांडीवरची उठू देत नाही. गळ्याला मिठी. घट्ट. म्हणते, "आई, तिला राहू दे. मी आहे ना."

सोड. सोड म्हणते ना. तू माझी —