लाल गाडीचं पाणी कुठे जातं

सोम. ४ नोव्हें. १९३५
मंजुसर गावाच्या अलीकडे गाडी पुन्हा उकळली. रेडिएटरच्या टोपीतून फुसफुस वाफ. बाभळीखाली उभी केली आणि थंड होईपर्यंत बसून राहिलो. आबा रुमालाने नुसतं बॉनेट पुसत राहिले. मीच बडबडले, गाडीला शिव्या दिल्या. आबा म्हणाले, "जनावराला शिव्या देऊ नये, यमे. ते सांगतंय काहीतरी."
सावली गावापर्यंत काही पोचलो नाही. विहिरीवरून पाणी आणून भरलं नि परत.
मला सावलीच्या मुलींच्या शाळेत मुख्य शिक्षिकेची जागा मिळते आहे. २३ तारखेला कमिटीने वडिलांसह, म्हणजे आबांसह, भेटायला बोलावलंय. आई म्हणते परगावी एकटीने बिऱ्हाड करायचं नाही. बसचा भरवसा नाही. म्हणजे रोज जाऊन येऊन करायचं, आणि ते या गाडीवरच. आबांनी आज जेवताना निकाल दिला: "ही सावलीला न उकळता, थेंब न गाळता जाऊन आली, तर तू जा. नाहीतर नाही." आई लगेच म्हणाली, "ठरलं." इतकी खूष मी तिला दिवाळीतसुद्धा पाहिली नव्हती.

बुध. ६
गाडी पागेच्या सरदारसाहेबांनी आबांना दिली, नवी घेतली तेव्हा. विलायती, लाल, दोनच माणसांची, लांब नाकाची. शर्यतीत पळवायला केलेली, म्हणून तोऱ्यात असते. आबांचा जन्म सरकारी पागेत गेला, मोटार साठीच्या पुढे शिकले. नंतर मला शिकवली. संध्याकाळी त्यांना नीट दिसत नाही, म्हणून परतताना चाक माझ्याकडे असतं.
कुठे गळतं ते कळावं म्हणून आज गाडीखाली कोरे कागद पसरले. दिवसभर कोरडे.
करीमभाई मिस्त्रींकडे रेडिएटर दाखवला. त्यांनी त्याची तोंडं बुचांनी बंद करून पाण्यात बुडवला, नळीने हवा फुंकली. एक बुडबुडा नाही. "बेन, आ तो सारुं छे. पाणी बीजेथी जाय छे." दुसरीकडून जातंय, हे मलाही कळतंय. कुठून ते सांगा की!

शुक्र. ८
रबरी नळ्या नव्या घातल्या. आबा घोंगडी अंथरून गाडीखाली. या वयात! धोतराला काळं, मिशीला काळं. बाहेर आले नि इंजिनाच्या कडेला तळहात ठेवून उभे राहिले, डोळे मिटून. घोड्याच्या छातीवर ठेवायचे तसाच. मी हसले. मग माझाही हात ठेवून पाहिला. मला नुसतं गरम लागलं. त्यांना काय लागलं, विचारलं तर म्हणाले, "अजून काही नाही." जे कळलं नाही ते कळलं नाही म्हणतात. आमच्या ट्रेनिंग कॉलेजात असं म्हणणारं कोणी भेटलं नाही.

रवि. १०
झालं!! काल सं. लांब फेरी मारली. तापलेली असताना टोपी उघडता येत नाही, म्हणून आज स. थंड झाल्यावर काडी घालून मोजलं. काठोकाठ. नळ्याच होत्या म्हणायच्या. आबांना गूळ-खोबरं दिलं. मी म्हटलं, आता तरी हसा. "बघू," म्हणाले.

मंगळ. १२
काल मोजलं, काठोकाठ. आज मोजलं, काठोकाठ. आणि आज गावभर फिरून दुपारी अलकापुरीहून परत येतो तोच वाफ.
मी जवळजवळ रडले. पाणी कमी होत नाही आणि गाडी उकळते, हे शक्य कसं? आबा स्वैपाकघराच्या दारात जाऊन उभे राहिले. "अगं, तू सकाळी गाडीला पाणी घालतेस काय?"
आई म्हणाली, "म्हणजे काय? रोज."
आमच्या घरात जनावराला पाणी पाजल्याशिवाय माणसाने चहा घ्यायचा नाही. आजोबांपासून चालत आलेलं. घोडे गेले, म्हैस गेली, अंगणात आता ही लालच उभी. आई पहाटे उठून तिला तांब्याने पाणी पाजते आणि मग चूल पेटवते. मी नंतर उठून काडी घालून मोजते नि गूळ-खोबरं वाटते.
मी चिडले. आई म्हणाली, "तुझी नोकरी मला नको आहे, ते खरं. म्हणून मुक्या जिवाला तहानलेलं ठेवू?" आबा मात्र एवढे हसले की खांबाला धरून उभे राहिले.

बुध. १३
आईला मोजणीपुरती पहाटेची मनाई. चहा घेताना तिचं तोंड एवढंसं.
पण आज तिनेच वाट दाखवली. मी म्हणत होते, पाण्याला रंग असता तर कुठून जातं ते दिसलं तरी असतं. भाजी ढवळता ढवळता म्हणाली, "मग हळद घाल. माझ्या लुगड्यावरचा डाग सात धुण्यांत जात नाही, तुझ्या लोखंडावरचा जाईल होय?" आणि लगेच जीभ चावली. आपण कुणाच्या बाजूने बोललो हे तिच्या लक्षात आलं असावं. तरी डबा पुढे सरकवलाच.
पिवळं पाणी भरून आबा नि मी मकरपुऱ्याकडे पळवून आलो. बॉनेट उघडलं, आणि आतल्या बाजूला, उजवीकडे, बारीक पिवळे ठिपके. ओळीने. आबांनी ठिपक्यांवर बोट ठेवलं आणि उलटं मागे नेत गेले. पंख्याजवळून पाण्याच्या पंपापाशी थांबले. पंपाचा दांडा जिथून बाहेर येतो तिथे पिवळी कड.
म्हणजे गाडी उभी असताना गळतच नाही. दांडा फिरला की थेंब उडतो, पंख्याचा वारा तो मागे फेकतो, गरम लोखंडावर पडून वाळतो. जमिनीवर येतच नाही. कागद कोरे राहतील नाहीतर काय.
आबा म्हणाले, "चालताना लंगडतं, उभं असताना नाही. अशी एक घोडी होती आमच्याकडे." आणि तिची हकिकत सुरू. ऐकली सगळी. आज काहीही ऐकलं असतं.

शुक्र. १५
त्या दांड्याभोवती दोरी गुंडाळून वरून नट आवळतात. ग्लँड म्हणतात. जुनी दोरी काढली, तिचा भुगा. गाडीच्या पुस्तकात लिहिलंय, सुती दोरी चरबीत भिजवून भरावी. करीमभाईंकडे चरबीची डबी तयार होती. आईने दारातच अडवली. "कुणाची चरबी?" करीमभाई प्रामाणिक, "विलायतथी आवी छे, शुं खबर." विलायतेची, कुणाची ते काय माहीत. झालं. डबी दारातूनच परत.
आबा आईशी वाद घालत नाहीत. थोडा विचार केला. "तूपही स्निग्धच." घरचं साजूक, कढवलेलं. दोरी भिजवून भरली. मला शंका होती, पण मीही मान डोलावली. कोण कुणाला हसणार!

रवि. १७
तुपाने दगा दिला. इंजिन तापलं, तूप पातळ झालं नि वाहून गेलं, मागोमाग पाणी. रावपुऱ्यातून येताना मागे असा वास, की दोन माणसं वळून बघत होती, कुणाकडे बुंदी तळतायत म्हणून. आई नाकाला पदर लावून हसत होती.
आबा म्हणाले, "चुकलं." एवढंच, आणि पाना हातात घेतला. मी असते तर दिवसभर कारणं देत बसले असते. मला या माणसाचा फार अभिमान वाटतो. तोंडावर सांगितलं तर म्हणतील, पाना दे.

मंगळ. १९
मेण! तुपासारखं लगेच वितळत नाही आणि कुणाचं म्हणून विचारायला नको. आबांनी मेण तापवून त्यात शिसपेनीतल्या शिशाची पूड कालवली, दांडा सहज फिरावा म्हणून. दोरी वळायला आई बसली. वाती वळणारा हात, एकसारखा पीळ. तिला विचारलं, तुला तर मी जायला नको आहे ना? "नकोच आहे," म्हणाली, आणि पीळ घट्ट केला.

गुरु. २१
तरसालीपर्यंत जाऊन आलो. कोरडी. काडी घातली, काठोकाठ, आणि आईने शपथ घेतली की तिने हात लावलेला नाही. तरसाली जवळ आहे. सावली लांब, शिवाय रस्ता खडबडीत.

शनि. २३
सावली.
जाताना आबांनी चाक माझ्याकडेच दिलं. मंजुसर मागे पडलं. बाभूळ गेली. टोपी शांत. मी मोठ्याने काहीतरी गायला लागले, आबांनी पायाने ताल धरला.
शाळा छोटी, अंगण झाडलेलं, मुली खिडक्यांना चिकटून. कमिटीचे शेठ बाहेर आले, काळी टोपी, गाडीभोवती एक चक्कर. इंजिन बघायचंय म्हणाले. आबांनी बॉनेट उघडलं.
मी शेजारीच होते. पंपाच्या नटाखाली एक थेंब. आमच्या डोळ्यांदेखत भरत गेला, लोंबला.
आबांनी उपरण्याचं टोक पुढे केलं, धूळ झटकावी तसा थेंब टिपला, आणि बॉनेट लावलं.
मी रोज वेळेवर येईन ना, असं शेठनी विचारलं, "दादा, बेन रोज टाइमसर आवशे ने?"
"आवशे," आबा म्हणाले. "रोज आवशे."
आबांना खोटं बोलताना मी आजवर ऐकलं नव्हतं. बोलले तेही गुजरातीत. मला एवढं भरून आलं की शेठना नमस्कार करायचा राहिला. सोमवारपासून हजर व्हा म्हणाले.
परत येताना उकळली नाही. अंधारायला लागलं होतं, आबा समोर बघत बसले होते. मी म्हटलं, आबा, तो थेंब. म्हणाले, "उतारावर गिअर बदल."
घरी आलो. आई दारातच. "काय झालं? गळली?"
आबा जोडे काढत होते. वर न बघता म्हणाले, "यमीला विचार. चालवत ती होती."
आई माझ्याकडे बघायला लागली. हात धुऊन येते म्हणून मी आत आले आणि हे लिहीत बसले आहे. सांगितलं तर अट मोडली. नाही सांगितलं तर मीही आबांसारखी.
आई पुन्हा हाक मारते आहे.