परवान्याची जहाजं आणि हिरवा स्वेटर

सर, आज नववीच्या वर्गात परवान्याच्या जहाजांचा भाग आला आणि मी तो पुन्हा गाळला. मुलींना म्हटलं, परीक्षेला येत नाही. खोटं. घरी येऊन भाजी फोडणीला टाकली, ती करपली, मग गॅस बंद करून लिहायला बसले. बसवत नाही, तरी बसले.

तुम्ही तो भाग एकाहत्तरच्या डिसेंबरात शिकवलात. लढाई सुरू होती, वर्गाच्या खिडक्यांना काळा कागद डकवला होता, आणि समुद्र आमच्यापैकी एकीनंही पाहिलेला नव्हता. तुम्ही सांगत होता, युद्ध लागलं की राजाकडे जहाजं कमी पडत. मग तो व्यापाऱ्यांना सहीशिक्क्याचा कागद देई, की स्वतःचं जहाज काढा, तोफा चढवा, शत्रूचा माल लुटा. कागद खिशात असला तर तो माणूस देशभक्त, नसला तर डाकू, फासावर. पण कागदालाही अट होती. धरलेलं जहाज जसंच्या तसं बंदरात आणायचं, न्यायाधीशापुढे उभं करायचं. "तोवर एका गाठोड्याची गाठ जरी सोडली, तरी हक्क गेला समजा," तुम्ही म्हणालात. मी उठून विचारलं, "पण सर, ज्याचं गेलं त्याले काय फरक पडते?" "हे विचारणं सोडू नको पोरी," म्हणालात.

त्या प्रश्नापायीच तुम्ही मला निवडलंत. जवानांसाठी गरम कपडे गोळा करायचे होते. शाळेच्या शिक्क्याची चिठ्ठी माझ्या हातात आणि महाल वस्तीतल्या दोन गल्ल्या माझ्या. नियम तुमचाच, प्रत्येक घरचं गाठोडं बांधलेलंच आणायचं, तुमच्या टेबलावर सोडायचं, देणाऱ्याचं नाव लिहायचं. हातमागवाल्यांच्या घरच्या एका म्हातारीनं चादरीचं गाठोडं दिलं. वळणावर मी त्याची गाठ सोडली. उगाच. आत हिरवा स्वेटर होता. तुमच्या टेबलापर्यंत चादर तेवढी पोचली.

दुसऱ्या दिवशी म्हातारी शाळेत हजर. "चादर मी खुशीनं देल्ली मास्तर. स्वेटर चुकून गेला त्यात. माह्या पोराचा आहे, सुट्टीवर आला का मागते तो मले." तुम्ही सगळा ढीग उपसलात. आम्हा सगळ्या जणींना विचारलंत, कोणी पाहिला का. मी नाही म्हणून मान हलवली. तुम्ही अंगातला स्वेटर काढून तिला देऊ लागलात, तर ती म्हणाली, "तुमचा काहून घेऊ? मले माह्याच पाहिजे." आठवड्याभरात महालभर झालं की मास्तरनं माल दाबला. हेडमास्तरांनी ते काम तुमच्याकडून काढून घेतलं. तुम्ही कोणाकडे बोट दाखवलं नाहीत. पुढच्या वर्षी माझ्या धाकट्या बहिणीच्या वर्गाला तुम्ही तो भाग शिकवलाच नाहीत. मला लाज वाटली सर, आणि तरी मी तोंड उघडलं नाही.

खूप वर्षांनी धंतोलीच्या दवाखान्यात तुम्हाला भेटायला आले, ती सांगायलाच. जिन्यात चार वेळा वाक्य जुळवलं. तुम्ही विचारलंत, "काय करून राहिली तू आता?" म्हटलं, इतिहास शिकवते. तुम्हाला इतका आनंद झाला की मी उशी नीट केली, पाणी दिलं आणि निघून आले. चौथ्या दिवशी तुम्ही गेलात. तुम्हाला माहीत होतं का, हे मला अजून स्वस्थ बसू देत नाही. माहीत असेल तर वाईट, नसेल तर त्याहून वाईट.

हे पत्र कुठं टाकणार? फाडेन, नाहीतर वह्यांखाली पडून राहील. पण एक लिहूनच टाकते, कारण इतकी वर्षं मी मनातल्या मनात स्वतःला सोडवत आले, की पोर होते, थंडी वाजत होती. त्या दिवशी माझ्या अंगात स्वेटर होता, सर. आईनं त्याच हिवाळ्यात विणलेला. मला फक्त तो हिरवा रंग आवडला होता.