कोतवालाची खबर

बाबा, मतदारयादीत तुमचं नाव अजून आहे. वय दरवर्षी वाढतंय, फोटो मात्र तोच. पंच्याऐंशी ओलांडलीत, त्यामुळे आता तुमच्यासाठी घरी येऊन मत घ्यायची सोय झाली आहे. मला हसू आलं, आणि मग आलं नाही. मी अंगणवाडी चालवते, यादीचं घरोघरी फिरायचं काम यंदा माझ्याकडे आलंय. आधी ते एका मास्तरांकडे होतं. त्यांना विचारलं, हे नाव कसं राहिलं? ते म्हणाले, "अवो, लोकंच सांगतेत का हायेत म्हणून. आपण कायले काटायचं?"

तुम्ही गावाचे कोतवाल. कोण जन्मलं, कोण गेलं, ही खबर पंचायतीत द्यायचं काम तुमचं. दारात उभं राहून तुम्ही एवढंच विचारायचात, "कोणी कमी-जास्त?" लिहिणं तुम्हाला जड जायचं, म्हणून वही माझ्याकडे. सातवीत असेन. पलीकडच्या आळीतला म्हातारा आज जातोच, असं सगळे म्हणत होते. मला मैत्रिणीकडे जायची घाई, म्हणून मी त्याचं नाव मयताच्या पानावर आधीच लिहून टाकलं. तुम्ही पान पाहिलंत. कधी हात न उगारणारे तुम्ही, पण मला फाडकन एक लगावलीत आणि हाताला धरून त्या म्हाताऱ्याच्या घरी नेलंत. "बस इथं. तो हाये का नाही, डोळ्यानं पाह्य," म्हणालात. संध्याकाळपर्यंत मी त्याच्या खाटेशी बसून होते. परत येताना तुम्ही म्हणालात, "लिवलं म्हंजे माणूस गेला. लिवलं नाही तंवर तो हाये." म्हातारा त्यानंतर दोन पावसाळे जगला, आणि मी दिसले की मान फिरवायचा.

तुम्ही गेलात तेव्हा मी सडक अर्जुनीला कॉलेजात होते. विहारातून माणसं आली, वंदना झाली, सगळं रीतीने झालं. पण मयताची खबर कोतवालाने द्यायची, मग कोतवालाची कोणी द्यायची, हे कोणालाच सुचलं नाही. जो तो समजला, ते काम होत असेल. आईला तेवढं सुचलं. तिसऱ्या दिवशी ती म्हणाली, "पंचायतीत सांगून ये वो." मी गेले. ग्रामसेवक रजिस्टर उघडून बसले होते, पेन हातात. मी खिडकीपाशी थोडा वेळ उभी राहिले आणि घरी येऊन आईला म्हणाले, सांगितलं. आई जाईपर्यंत तिला हे कळलं नाही.

आता मंगळवारची गोष्ट. इटियाडोहाच्या कालव्यापलीकडच्या टोल्यावर, त्या लहानशा वस्तीवर, गेले होते. भर दुपार, ऊन नुसतं पांढरं पडलेलं, सगळे धानकापणीला गेलेले, कुत्रंसुद्धा भुंकत नव्हतं. पहिल्याच घरी एक म्हातारी सुपात तांदूळ निवडत होती. घरात किती माणसं, असं विचारलं तर ती वैतागली. "आत्ता तं सांगतलं कोतवालाले! पुन्हा काऊन इचारून राहिली?"

मी म्हटलं, कोतवाल तर आता एक तरुण मुलगी आहे, ती आज तहसीलला गेलीय.

"ते नाही वो. जुना. खाकी सदऱ्याचा. येत राहते अधूनमधून."

तिचे डोळे अधू असतील असं मी मनाशी म्हणत होते, तेवढ्यात तिने सुपातला बारीकसा खडा उचलून बाजूला टाकला. मला विचारायचं नव्हतं, तरी विचारलं, काय म्हणतो तो?

"कोणी कमी-जास्त, इचारते. पाणी देलं तं घेत नाही. जातानी म्हणते, मायं नाव लिवलं काय? मी काय सांगू? मले कुठं लिवता येते!"

दुसऱ्या घरी मी काहीच विचारलं नाही. तिथली बाई आपणच म्हणाली, "कोतवाल आत्ताच गेला, बाई. लय थकलेला दिसे." मी वळून पाहिलं. शेतांमधली पांदण सरळ होती, दोन्हीकडे धान कापलेलं, लपायला जागा नव्हती. तिथे कोणी नव्हतं. खरं सांगते, भीतीपेक्षा राग जास्त आला. इतक्या घरी जाता, मग माझं दार तेवढं का सोडता?

नाव कमी करायचा सात नंबरचा फॉर्म चार दिवस माझ्यापुढे आहे. खबर देणाऱ्याच्या जागी सही माझीच लागणार. तुम्ही थकलात, बाबा, तुम्हाला जायचं आहे, हे मला कळतंय. एवढ्या सगळ्यांना तुम्ही वेळेवर मोकळं केलंत आणि तुम्हाला मात्र मी अडवून ठेवलंय. हे पत्र कुठे टाकणार? तुमचा पत्ता म्हणजे माझंच घर. वहीतच राहू दे.

आज सकाळी तहसीलच्या निवडणूक साहेबांनी विचारलं, त्या नावाचं काय केलं? मी सही केली नाही. तुमच्या नावापुढे शेरा मारलाय: घर बंद, पुन्हा भेट द्यावी.