शरणम्माच्या चटणीचा अभ्यास

३ फेब्रुवारी, निलंगा
शिरले एकदाची! व्हॉट्सॲप गट 'आपली पेठ', माणसं चारशे बारा. ॲडमिन लिंबाजी किराणावाले म्हणाले, "घेतो वर्षाराणी, पर नुस्तं बघून राहायचं." तेच तर माझं काम — बातमी कशी फिरते ते नोंदवायचं, तोंड उघडायचं नाही. नांदेडला गाइड उमाशंकर सरांनीही दहादा बजावलंय.

५ फेब्रुवारी
साडेसहा ते आठ : शुभ सकाळ, एकशे एकोणचाळीस. बातम्या, दोन. यावर पीएचडी होणार माझी!

८ फेब्रुवारी
खोली शरणम्माकडे, जेवणही तिथंच. कडक भाकरी, शेंगा चटणी. चटणी विकूनच तिचं एकटीचं घर चालतं. "काय लिवून राहिलीस सारखं? खा आधी," म्हणते. वजन दोन किलो वाढलंय. ही नोंद प्रबंधात नको.

११ फेब्रुवारी
गटात फोटो आला. बुरशी धरलेल्या शेंगदाण्यांचं पोतं. खाली — 'शरणम्माची चटणी खाणाऱ्यांनो, बघा.' संध्याकाळपर्यंत बावीस जणांनी पुन्हा टाकला. मला आधी आनंदच झाला, इतकी चांगली नोंद मिळाली म्हणून. मग लाज वाटली. फोटो मुळात कुठला ते नेटवर शोधलं. तीन वर्षांपूर्वीचा, भलत्याच राज्यातल्या गोदामाचा.

१२ फेब्रुवारी
दिवसभरात एक गिऱ्हाईक नाही. सरांना फोन केला. "तू बोललीस तर नोंदी बाद." म्हणजे नवा गट, नवं गाव, पुन्हा सहा महिने.

१३ फेब्रुवारी
खड्ड्यात गेल्या नोंदी. लिहिलं! अगदी रीतसर — आधी माझं नाव, विद्यापीठ, मग फोटो कसा तपासला ते, आणि शेवटी निष्कर्ष : फोटोचा चटणीशी संबंध नाही. तो फोटोही वर जोडला, संदर्भ म्हणून. लिंबाजींचा अंगठा आला. शरणम्माला सांगितलं नाही. उद्या गिऱ्हाईकं बघूनच कळू दे तिला.

१४ फेब्रुवारी
लिंबाजींनी दुकानातून हाक मारली. "बरं केलंस. आता खात्रीच पटली, चटणी खराब हाय." मोबाइल दाखवला. फोटो, माझं नाव, विद्यापीठ, 'या फोटोचा मी अभ्यास केला आहे' — पुढं 'अधिक वाचा'. ते कुणी दाबलंच नव्हतं. मग मीच अख्खी पेठ फिरले, एकेकाला दाबायला लावत.

१४ फेब्रुवारी, संध्याकाळी
शरणम्मानं कढईभर चटणी उकिरड्यावर ओतली. कुणीतरी माझ्या मजकुराच्या वरच्या दोन ओळी वाचून दाखवल्या होत्या तिला. मी म्हटलं, अगं, खोटं आहे ते, मीच तपासलंय. ती म्हणाली, "तू शिकलेली. रोज खातीस बी. तू लिवलीस म्हंजे माझंच कायतरी चुकलं असंल."