तळहातांमधला उजेड

अकोला, १८ मे २०२५

ती. आईस,
सप्रेम जयभीम.

फोनवर तू हसून विषय उडवतेस, म्हणून पत्र. हस, पण शेवटपर्यंत वाच.

बुद्धपौर्णिमेच्या वंदनेचा फोटो शेजारच्या पवनने पाठवला. सगळ्यांचे हात घट्ट जोडलेले, तुझ्याच बोटांमधून उजेड दिसतो. आमच्या नर्सिंगच्या वर्गात शिकवलंय: हाडांत, सांध्यांत कोलॅजेनचे धागे असतात, जागोजागी एकमेकांना बांधलेले. रक्तात साखर वाढली की ती या धाग्यांना चिकटते आणि नको तिथे जादा गाठी मारते. बोटं सरळ होत नाहीत. दुखत नाही, म्हणून कोणी बघत नाही. असे हात दिसले की डॉक्टर डोळेही तपासतात. मला फार भीती वाटते आहे. बाबांना घेऊन मालेगावच्या दवाखान्यात जा.

तुझी काळजीखोर लेक,
सरिता

किन्हीराजा, २४ मे २०२५

चि. सरितास,
अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. धागे काय, गाठी काय! आता आईलेच वर्गात बसव. तुझे बाबा म्हणाले, शेतातल्या निंदण-सवंगणीत गेलेले हात असेच राहतील.

पण तुझ्यापासून किती लपवू? दोन वर्षांपूर्वी गावातल्या शिबिरातच साखर निघाली होती. कागद पेटीत लुगड्याखाली ठेवला. बाबांनाही बोलले नाही. आपल्या गल्लीतल्या रंजीताची सोयरीक कशी मोडली ते तू पाहिलंस. तिच्या आईला साखर म्हणून पोरीलाच नाकारलं. तेव्हापासून मी वंदनेला मागच्या रांगेत उभी राहते. त्या पवनला फोटो काढायला नेमकी मागची रांग सापडली.

एक तारखेला पाहुणे तुला बघायला येतील. ते गेले की डॉक्टरकडे जाते. तोवर कोणाजवळ बोलू नकोस. माया आहे तशीच राहू दे.

तुझी आई,
अंज

अकोला, २८ मे २०२५

ती. आईस,
जयभीम.

पाहुण्यांना मीच फोन करून सगळं सांगितलं. यायचं की नाही, त्यांचं ते बघतील.

तुझ्यावर रागवायचं म्हणून पत्र पुन्हा काढलं आणि या वेळी अक्षर पाहिलं. निम्म्या पत्रानंतर ओळी एकमेकींवर चढल्या आहेत. सही करताना कागद संपला, तरी तू लिहीत राहिलीस. ‘अंज’ एवढं अर्धंच नाव उरलंय. तुला ते दिसलं नाही.

हे पत्र टपालात टाकत नाही. पहाटेच्या गाडीने सोबत घेऊन येते, तुला वाचून दाखवायला.

तुझीच,
सरिता