ती मागून येतेय

१२ ऑक्टोबर, दसरा. सापगाव

आज नव्या घरात राहायला आले. घर हिरव्या रंगाचं आहे, चार चाकांचं आहे आणि त्यात ताठ उभी राहिले तर अंबाडा छताला लागतो. पूर्वी ही शाळेच्या मुलांची व्हॅन होती. दिपेशने शहापूरच्या आपल्या गॅरेजात पाच महिने खपून तिचं घर केलं. मागे झोपायला फळी, फळीखाली पाण्याचे कॅन, दाराशी शेगडी. पडदे तेवढे माझे. पाच दिवसांत शिवले, ब्लाउजांच्या उरलेल्या अस्तरांचे, त्यामुळे प्रत्येक खिडकीचा रंग वेगळा. शिवणक्लासच्या मुलींनी ही वही दिली आणि रोज लिहायची अट घातली.

बेत असा: आधी राजस्थानचं वाळवंट, मग हिमाचलचे डोंगर, मग थेट खाली केरळ आणि तिथून समुद्राच्या कडेकडेने घरी. दोन महिने. सासूबाईंना पटलेलं नाही. भात कापणीला आलंय आणि ही दोघं हिंडायला निघाली, असं त्या शेजारच्या कमळाबाईंना मला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने सांगत होत्या. तरी गाडीपुढे नारळ फोडला, तांदळाच्या पिठाचा डबा दिला आणि सुकटीची एवढी मोठी पिशवी दिली की राजस्थानात आमच्या आधी वास पोचेल.

मुलींना ही वही दाखवायची आहे, पण पुढचं पान फाडेन. गेल्या वर्षी सासरे, राघोबाबा, गेले. छातीत दुखतंय म्हणत होते, दिपेश म्हणाला सकाळी दवाखान्यात नेतो, आणि सकाळ झाली नाही. त्यानंतर दिपेश बोलेनासा झाला. रागाने नव्हे. विहीर आटावी तसा. मी टोकावड्याला माहेरी गेले ती सात महिने राहिले. गेल्या सोमवारी तो अंगणात येऊन उभा राहिला, गाडीकडे बोट दाखवलं आणि म्हणाला, येतेस? सात महिन्यांनी एवढंच. मी पिशवी भरली.

१९ ऑक्टोबर. जैसलमेरच्या पुढे

वाळू मऊ असेल असं वाटलं होतं. वारा सुटला की ती तांदळाच्या कण्यांसारखी टोचते. रस्त्याकडेला एका म्हाताऱ्याची चहाची टपरी आहे, मागे त्याचं घर. गाडी खेजडीच्या झाडाखाली लावली.

गंमत झाली. म्हाताऱ्याच्या बायकोने मला पाहिल्याबरोबर हात धरला आणि भूमिका ना, असं विचारलं. चहा आणला तो बिनसाखरेचा, आलं घालून, अगदी माझा. मला डाव्या कुशीवर झोप येत नाही हेसुद्धा तिला ठाऊक. म्हणाली, तुझ्या नवऱ्याने सगळं सांगितलं. म्हणजे दिपेशने आधी फोन करून ठेवला होता! मी रात्री त्याला म्हटलं, माझ्याशी बोलत नाहीस आणि परक्यांना एवढं सांगतोस. तो म्हणाला, मी कुणालाही फोन केलेला नाही. चेहरा तसाच. मला वाटलं, थट्टा करायला शिकलाय. बरं वाटलं.

२० ऑक्टोबर. तिथेच

थट्टा नव्हती.

निघताना म्हातारीने एक स्टीलचा डबा हातात दिला. तुझा नवरा विसरून गेला होता, म्हणाली. झाकणावर कोरलेलं: सौ. भूमिका दिपेश भोईर. लग्नात असे सहा डबे आले होते, बाजारपेठेतल्या दुकानात नाव घालून घेतलेले. आम्ही गाडीत सहाही घेतले आहेत. मी मोजले. सहाही होते. हा सातवा.

मग नीट विचारलं. पंधरवड्यापूर्वी तो आला होता म्हणे, अशाच हिरव्या गाडीतून. एकटा. दोन ताटं मागितली, एक समोर ठेवलं आणि तिकडे बघून बोलत बसला. दोन्ही ताटं तशीच राहिली. बायको कुठे आहे म्हणून विचारलं तर म्हणाला, ती मागून येतेय.

हे दिपेशसमोरच सांगितलं. तो खाली बघत होता. डबा त्याने टपरीच्या बाकावर ठेवला आणि गाडी सुरू केली. साठ किलोमीटरनंतर म्हणाला की माणसं ओळखण्यात चूक होते. नाव कोरण्यात होते का, असं मी विचारलं नाही.

१ नोव्हेंबर, लक्ष्मीपूजन. स्पिती

इतका उघडा डोंगर मी कधी पाहिला नव्हता. आपल्या सिद्धगडाला जंगल आहे, धुकं आहे, झाकून घ्यायला काहीतरी आहे. इथे डोंगराची हाडं दिसतात. नदी निळी, आणि रस्ता तिच्यावर लोंबकळणारा. दिपेशने तीन दिवस अशी गाडी हाकली की माझी पायांची बोटं आपोआप आत वळत होती.

एका म्हाताऱ्या बाईंच्या घरी खोली घेतली. त्या मोडकं हिंदी बोलतात. दार उघडल्यावर आधी दिपेशकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि मला आत घेऊन शेकोटीशी बसवलं. त्यांनी वही दाखवली, येणारे पाहुणे लिहितात ती. २५ ऑक्टोबर. दिपेश राघो भोईर, सापगाव. अक्षर त्याचंच, ‘भ’ अर्धा उघडा. २५ तारखेला आम्ही पंजाबात होतो, पंक्चर काढत.

म्हणजे आता तो फक्त सात दिवस पुढे आहे.

बाई म्हणाल्या, तो फार गोड माणूस होता, रात्रभर तुझ्याबद्दल बोलला. लग्नात तू कशी रुसलीस, तुझ्या हातचं काय आवडतं, तू माहेरी गेलीस तेव्हा तो कसा रोज फाटकापर्यंत येऊन परत जायचा. मी ऐकत राहिले. मला हे काहीच माहीत नव्हतं. मला रडू आलं, आणि ते भीतीने नव्हतं, हे इथे लिहून ठेवते.

मग बाईंनी आवाज खाली आणला. त्या म्हणाल्या, पण बेटी, त्याची चादर सकाळी घडीच्या घडी होती, आणि बाहेर एवढं बर्फ पडलेलं असून गाडीच्या टपावर बर्फ नव्हतं. आजूबाजूला होतं.

पणत्या लावल्या. दिपेशने एक लावली.

१४ नोव्हेंबर. नागपूरच्या खाली, हायवेवर

रोज लिहायची अट मोडली. गाडीत दिवसभर दोघांचंच तोंड, आणि एकाचं बंद.

आज चोरून विचार केला: तो जो पुढे चाललाय तो माझ्याबद्दल बोलतो. हा जो शेजारी आहे तो आरशात बघतो, क्लच दाबतो, पाणी हवं का विचारतो. सात महिने मी ज्याची वाट पाहिली तो यातला कोणता? असा विचार येऊ नये. आला.

संध्याकाळी त्याने संत्रं सोललं आणि बिया काढून एकेक फोड माझ्या हातावर ठेवली.

२६ नोव्हेंबर. कण्णूरच्या वर, समुद्रावर

नारळ, खाडी, ओली गरम हवा. घामाने वहीची पानं वाकली आहेत. खोलीचा मालक दिपेशला बघून मागे सरकला. म्हणाला, तुम्ही परवाच गेलात. फाटकावर कॅमेरा आहे. त्याने मोबाईलवर दाखवलं.

आमची गाडी. आमचा नंबर. दिपेश उतरतो, दुसऱ्या बाजूला जातो, माझ्या बाजूचं दार उघडतो, हात पुढे करतो. कुणी उतरत नाही. तो दार हळूच लावतो, जसं कुणी उतरल्यावर लावतात.

त्या गाडीच्या खिडक्यांना पडदे नव्हते.

दिपेशने ते तीनदा पाहिलं. मग बाहेर जाऊन वाळूत बसला. मी शेजारी बसले. आज पहिल्यांदा तो घाबरलेला दिसला आणि माझी भीती थोडी कमी झाली. दोघांची असली की ती वाटून घेता येते.

२ डिसेंबर. गोकर्णाजवळ

बोलला. सगळं लिहिते.

गाडी त्याने एकट्यासाठीच बांधली होती. फळी एकाचीच होती, मला आणायच्या आधी दोन दिवस रुंद केली. सर्वपित्री अमावास्येला बाबांचं पान ठेवलं, कावळा लवकर शिवेना, आईने त्याच्याकडे पाहिलं. त्याला ती नजर सहन झाली नाही. दुपारी त्याने घरातले डबे गाडीत टाकले आणि निघाला. आईला नाही, मला नाही, कुणाला सांगितलं नाही. परत यायचंच नव्हतं. कसारा घाटाच्या चढाला गाडी थांबवली. तिथे, तो म्हणाला, मला वाटलं की तू शेजारी बसलीयस. मी तुझ्याशी बोललो. खूप बोललो. मग बघितलं तर कुणी नाही. तेव्हा गाडी वळवली.

मी विचारलं, वळवलीस ना? नक्की?

तो म्हणाला, “वळवली. पण आरशात बघितलं तेव्हा आपलीच गाडी घाट चढताना दिसली. मला वाटलं, डोळ्यात पाणी आहे म्हणून.”

परत फिरला तो माझ्याकडे आला. आणि जो फिरला नाही तो सगळीकडे सांगत चाललाय की मी मागून येतेय.

माझ्या मागून येण्याची वाट बघत.

घरी जाऊ नये, मी म्हटलं. तो म्हणाला, आई एकटी आहे.

४ डिसेंबर. पुण्याच्या अलीकडे

दोन दिवस आईंचा फोन लागत नव्हता. आज दुपारी लागला. मी स्पीकरवर ठेवला.

“कुठं हायस गो तू? दिपेश पहाटं आला. दोन ताटं वाढायला लावली, पन जेवला नाय. माज्याशी बोलत बसला, बाबांचं सगळं बोलला, मला रडवलान. वर्सात एवडा नाय बोलला.”

दिपेश म्हणाला, “आई, मी हितं हाय. भूमिकासंगं.”

भांड्याचा आवाज.

“मंग मगाशी कोन व्हता? तो आता गेला. तुला आनायला गेलाय.”

५ डिसेंबर. माळशेज

सकाळचे दहा. घाट उतरलो. ऊन स्वच्छ आहे. भात कापून खाचरं मोकळी झाली आहेत, बायका पेंढा रचताहेत. सगळं नेहमीचं आहे म्हणून जास्त —

मी म्हटलं, मला टोकावड्याला उतरव. तो म्हणाला, बरं. एवढा हळू की गिअरचा आवाज मोठा वाटला.

टोकावडं चार किलोमीटर.

समोरून हिरवी गाडी.

थांबली. शंभर पावलांवर. पडदे नाहीत.

दिपेश म्हणाला, तू बस, मी बोलून येतो. मी नको म्हटलं. दाराला आतून कडी लाव, म्हणाला. त्याने मला हात लावला नाही. उतरला. मी लिहितेय, कारण हाताला काहीतरी —

दोघं समोरासमोर. तोच निळा शर्ट. तीच खांदे पाडून उभं राहायची तऱ्हा. कोण कुठून आला ते मी डोळे मिटले तेवढ्यात — मी फक्त एकदा डोळे मिटले.

एक इकडे येतोय. दुसरा रस्त्यात बसलाय, गुडघ्यांवर.

आला. कडी काढ, म्हणाला. काढली. मी का काढली? बसला. दार लावलं. आत थंड झालं आहे.

मी विचारलं, कोण होता तो. म्हणाला, कुणी नाही गं, चल, घरी जाऊ, आई वाट बघतेय, तुझ्यासाठी तांदळाच्या भाकऱ्या करून ठेवल्यात, तुला कडेची करपलेली आवडते ना, मला माहीत आहे, मला तुझं सगळं माहीत आहे, टोकावड्याच्या फाटकापर्यंत मी रोज यायचो, तुला कळलंसुद्धा नाही, किती बोलायचं राहिलंय भूमिका —

थांबत नाही. बोलतोच आहे. गोड आवाज आहे. हाच ऐकायला मी सात महिने —

गाडी सुरू केली. वळवतोय. टोकावड्याकडे नाही, घाटाकडे.

तो दुसरा उठलाय. पळतोय. माझ्या काचेशी आला. तळहात काचेवर. तोंड उघडतो, मिटतो. एक शब्द नाही. कधीच नव्हता येत त्याला वेळेवर. रडतोय, आणि काही बोलत नाही —

हा. हा माझा.

कडी हलत नाही. काच खाली करते. हाताला लागली त्याची बोटं, गरम आहेत, धरलीत, गाडी वेग घेतेय, हा इकडून म्हणतोय सोड त्याला भूमिका सोड, मी सोडत नाही, वही टाकते, दोन्ही हातांनी