उणे तीनची फरशी

२२ ऑक्टोबर
ह्यांना जाऊन साडेतीन महिने. विधवेची इद्दत संपायला अजून चोवीस दिवस, तोवर घरातच. सकाळपासून पुढची खोली ते स्वयंपाकघर, किती फेऱ्या झाल्या माहीत नाही. पुढच्या खोलीत ह्यांचा गणिताचा क्लास चालायचा. बाकं, फळा तसेच. कुवेतहून धाकट्या दिरांचा फोन. "भाभी, इद्दत झाली की आंजर्ल्याला माहेरी जावा. बाकं न्यायला टेम्पो मी सांगतो." हो म्हटलं.

२४ ऑक्टोबर
शेजारच्या शमाभाभींची जुवेरिया वही घेऊन आली. अकरावी सायन्स. केवल मूल्याचे आलेख अडलेत. "चाची, तुम्ही पण बी.एस्सी. ना?"
बावीस वर्षांपूर्वीची बी.एस्सी. |x| चा आलेख आठवला, इंग्रजी व्ही, टोक शून्यावर. मग |x + 3|. अधिक आहे म्हणून टोक तीन घरं उजवीकडे नेलं. जु. म्हणाली, "सरांच्या घरात आलं की लगेच कळतं." बरं वाटलं. आज जेवण गेलं.

४ नोव्हेंबर
जु.ची कॉलेजात चाचणी झाली. टोकं सगळी उलट्या बाजूला. उत्तरपुस्तिका बघून मग मी पाठ्यपुस्तक उघडलं. |x + 3| चं टोक डावीकडे, उणे तीनवर.
संध्याकाळी कुंपणाच्या गडग्यापलीकडून शमाभाभींचा आवाज. "डोकं मोबाईलात ठेवून गेलेलीस काय?" पोरीने माझं नाव घेतलं नाही. मी खिडकीशी उभी.

५ नोव्हेंबर
पुस्तकात उत्तर आहे, पण का ते कळेना. ह्यांनी फरश्यांवर लाल ऑइलपेंटने आकडे घातलेत, उणे पाच ते पाच. मुलांना उभं करून विचारायचे, "शून्यापासून किती पावलं? दिशा कोण विचारतंय?" मी ते स्वयंपाकघरातून ऐकायची. त्या आकड्यांवर कधी उभी राहिले नव्हते. आज राहिले. x + 3 शून्य कुठे होतं? एकेक फरशी चालत गेले. उणे तीनवर. म्हणजे उणे तीनच्या फरशीपासून किती पावलं, एवढंच तो आलेख सांगतो.
ह्यांना विचारता आलं असतं तेव्हा मी...

७ नोव्हेंबर
शमाभाभींना बोलावून सांगितलं. चूक पोरीची नाही, माझी. त्या म्हणाल्या, "आणि काय काय उलटं शिकवलंत ते एकदाच सांगून टाका! मी तिचं नाव माळनाक्याच्या क्लासला घालायला निघालेय." मी म्हटलं, घाला. चहा अर्धा ठेवून गेल्या.

९ नोव्हेंबर
जु. आली. आईने पाठवलं की आपणहून, विचारलं नाही. तिला फरश्यांवर चालवलं. उणे पाचवरून उणे तीनपर्यंत दोन पावलं. शून्यावरून तीन. बिंदू तिनेच मांडले.
"मग त्या दिवशी उजवीकडे का नेलंत?"
"मला येत नव्हतं."
"सर असं कधी म्हणायचे नाहीत," म्हणाली आणि खो खो हसली.
मग पुढचं गणित काढलं, |x − 3| + |x + 1|. मला वाटलं मध्ये कुठेतरी टोक येईल. आलंच नाही. उणे एकपासून तीनपर्यंत कुठेही उभं राहा, पावलांची बेरीज चारच. रेघ सपाट. खात्री होईना म्हणून दोघी दोनदा चाललो.

१४ नोव्हेंबर
उद्या इद्दत पूर्ण. दिवसभर एका कामात मन टिकत नाही. दुपारी दिरांचा फोन. "सोमवारी टेम्पो येतोय, भाभी."
"सोमवारी नको."
"मग कधी?"
"मुलींची परीक्षा होऊ दे."
"कुठल्या मुली?"
फोन ठेवला. मुली म्हणाले मी. येते एकच, आणि तिचं नाव माळनाक्याला घातलं की नाही ते शमाभाभींनी अजून सांगितलेलं नाही.